बाळंतिणीच्या खोलीतली माणसं

बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यावर मी आधी बाळाकडे बघत नसे. आधी नजर जायची खिडकीच्या कट्ट्यावर. ग्राइप वॉटरची बाटली, मधाची शिशी, सहाण आणि गुटीची पुरचुंडी, दुधाच्या पावडरीचा डबा, यातलं काय तिथे मांडलंय त्यावरून पुढचा तासभर आपल्याला कुणाशी बोलायचंय ते कळायचं. मध असेल तर मामी किंवा आत्या, सहाण असेल तर आजी, डबा असेल तर बहुधा नवरा, कारण मेडिकलमध्ये तोच जातो. आणि कट्टा अगदीच लख्ख असेल तर मी येणार म्हणून कुणीतरी सगळं उचलून आत ठेवलेलं असायचं.

फलटण तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी आरोग्यसेविका होते. गावात शिष्टरबाई. निवृत्त झाले तरी कुणाची लेक बाळंत झाली की निरोप येतो, ‘दूध पुरत नाही, जरा येऊन जावा.’ हा निरोप बाळंतिणीचा क्वचितच असतो. तिच्या आईचा असतो, सासूचा असतो, कधी चुलतसासूचा. जिच्या अंगावर दूध आहे तिला न विचारताच बाकीच्यांनी ते पुरत नाही असं ठरवून टाकलेलं असतं. म्हणून एकट्या आईला समोर बसवून स्तनपानावर उपदेश करण्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. दवाखान्यातल्या पोस्टरवर आई आणि बाळ दोघंच असतात. खऱ्या खोलीत निदान पाच माणसं असतात आणि त्यातली चार आईपेक्षा मोठ्या आवाजात बोलतात.

नियम सगळ्यांना पाठ आहे. जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीशी आणि पुढे सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध, ड जीवनसत्त्वाचे थेंब, जुलाब झाले तर ओआरएस, एवढंच चालतं. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालच्या १०० बाळांपैकी साधारण ६४ बाळं निव्वळ आईच्या दुधावर असल्याचं दिसलं. चार वर्षं आधीच्या पाहणीत ती ५५ होती. महाराष्ट्र तर ७१ वर पोचला. आकडा चांगला आहे, पण घरोघर फिरलेल्या बाईला त्यातली मेख माहीत असते. ही पाहणी आदल्या दिवसरात्रीत बाळाला काय दिलं एवढंच विचारते. परवा चाटवलेला मध तिच्यात येत नाही, पुढच्या महिन्यात सुरू होणारी बाटली तर नाहीच. आणि पहिल्या तासात दूध मिळालेली बाळं देशात ४२ टक्क्यांच्या आतबाहेरच राहिली आहेत. महाराष्ट्रात १०० पैकी जवळजवळ ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात, मग तो पहिला तास जातो कुठे?

सिझेरियन झालं की आई आत टाके घालून घेत असते आणि बाळ बाहेर दुपट्यात गुंडाळून कुणाच्या तरी हातात आलेलं असतं. ते कुणाच्या हातात आहे यावर पुष्कळ काही ठरतं. पिशवीत मधाची शिशी तयार असते. घरातल्या कर्त्या, शिकलेल्या माणसानं पहिलं बोट चाटवलं की पोर त्याच्या वळणावर जातं, अशी समजूत आहे. त्यामुळे कधी इंजिनियर काकाची वाट बघत सगळे थांबतात. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती रुजतात आणि जिवावर बेततं. हे सांगितलं की काका खजील होतात, मामी मात्र रागावतात.

त्यानंतरचा मुद्दा चिकाचा. पहिल्या दोन-तीन दिवसांचं घट्ट, पिवळसर दूध ‘नऊ महिन्यांचं साठलेलं’ म्हणून पिळून टाकायला लावणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्याशी वाद घालायला मला पुस्तक लागत नसे. गोठ्याकडे बोट दाखवायचं. म्हैस व्याली की पहिला चीक रेडकाला सोडल्याशिवाय तुम्ही खरवसाला हात लावता का? मग नातवानंच काय घोडं मारलंय?

खरी अडचण मात्र तिसऱ्या रात्री सुरू होते. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचा-दीड चमचा दूध पुरतं, कारण पोटच तेवढं असतं. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दहा-पंधरा दिवसांत परत येतं. दूध भरून यायला तिसरा-चौथा दिवस उजाडतो. तोवर बाळ रडतं. पुढे तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला, मग दीड महिन्याला बाळ दोन-तीन दिवस सारखं छातीशी येतं, संध्याकाळी तर सोडतच नाही. वाढीच्या या दिवसांत ते जास्त ओढून पुढच्या आठवड्याच्या दुधाची मागणी नोंदवत असतं. घर मात्र त्या रडण्याचा एकच अर्थ लावतं, आणि भिंतीपलीकडची शेजारीण तो उघड बोलून दाखवते, ‘भुकेलं ठेवलंय का पोर?’

आता शरीर काय करतं ते बघा. बाळानं ओढलं की आईच्या मेंदूपर्यंत संदेश जातो आणि दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं, ऑक्सिटोसिन ते बाहेर सोडतं. ऑक्सिटोसिन मोठं लाजाळू आहे. दुखणं, भीती, लाज, टोमणा, यांतलं काहीही झालं तरी ते आखडतं. छातीत दूध असतं, पान्हा फुटत नाही. बाळ चिडतं. ‘बघ, नाहीच येत’ असं कुणीतरी म्हणतं, आणि ते म्हणणंच पुढच्या वेळचा पान्हा अडवतं. मग डबा फुटतो. पोट बाटलीनं भरलं की बाळ तेवढ्या वेळा कमी ओढतं, ओढणं कमी झालं की दूध कमी बनतं. रात्रीचं पाजणं सुटलं तर आणखीच, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. महिन्याभरात दूध खरोखरच आटतं आणि सगळ्यांना वाटतं, आपण म्हणत होतो तेच खरं निघालं.

यात कुणी दुष्ट नसतं, हे मला उशिरा उमगलं. आमच्या प्रशिक्षणात सासू म्हणजे अडथळा असं शिकवल्यासारखंच होतं. पण रात्री दोनला उठून गुटी उगाळणारी बाई अडथळा आणायला उठत नाही. सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, खारीक, बदाम, जायफळ यांचे मोजून वेढे द्यायचे, कुठल्या महिन्यात किती, हे तिला तिच्या सासूनं शिकवलेलं असतं. नातवासाठी स्वतःच्या हातानं करायची तेवढी एकच गोष्ट तिच्याकडे असते. आपण जातो आणि म्हणतो, ही बंद करा. उगाळायचं पाणी उकळलेलं नसतं, सहाण रात्रभर उघडी असते, जायफळ बाळाला गुंगवतं, हे सगळं खरं आहे. पण तिच्या हातचं काम काढून घेतलं आणि बदल्यात काहीच दिलं नाही, तर दुसऱ्या दिवशी ती ते काम आपल्या पाठीमागे करते.

म्हणून मी कामं वाटायला लागले. आजीला अंघोळ आणि तेल लावणं. लंगोट मोजणं. चार-पाच दिवसांनंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा शू होत असेल तर दूध पुरतंय. ही मोजणी आजीच्याच हाती दिली की पुरतंय की नाही याचा निकालही तीच देते. बाळ कमी वजनाचं असेल तर कांगारू पद्धतीनं उघड्या छातीशी धरून बसणं. ते आईनंच करायला हवं असं नाही. आजी करू शकते, बापही करू शकतो. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू तर आहेतच. त्यांनी दूध किती वाढतं यावर मी वाद घालत नाही. बाळंतिणीच्या पोटात चांगलंचुंगलं जातं आणि आपल्यासाठी कुणीतरी चुलीपुढे उभं राहिलंय हे तिला दिसतं, तेवढं मला पुरतं. फक्त बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत कुठे कुठे आहे, तिथे मी भांडते. खोलीत शेगडीचा धूर कोंडला असेल तिथेही.

बापाचं काय? आमच्याकडे बाप पाचवीला, बारशाला दिसायचा आणि मधल्या काळात दारातूनच बघायचा. तो काय करू शकतो हे इटलीतल्या एका अभ्यासानं नीट दाखवलंय, २००५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांतल्या आयांना सारखीच मदत होती. एका गटातल्या बापांना स्तनपानात येणाऱ्या अडचणी आणि त्या कशा निभवायच्या हे समजावलं, दुसऱ्या गटातल्यांना बालसंगोपनाचं सर्वसाधारण सांगितलं. सहा महिन्यांनी पहिल्या गटात १०० पैकी २५ बाळं पूर्णपणे आईच्या दुधावर होती, दुसऱ्यात १५. आकडे आपल्यापेक्षा कमी आहेत, त्यांची रीत वेगळी. पण फरक बघा, आणि तो एका नवऱ्याला थोडं ठाऊक असण्यानं पडलेला आहे.

आमच्या गावात मी नवऱ्यांना इतकं काही समजावत बसत नसे. रात्री बाळ उचलून तिच्याजवळ द्यायचं, पिऊन झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा, तिला तांब्याभर पाणी द्यायचं. आणि मेडिकलवाल्यानं डबा पुढे केला तर तो न घेता परत यायचं. १९९२ च्या कायद्यानं, २००३ च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांखालच्या बाळांसाठीच्या पावडरीची, बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे. त्यामुळे टीव्हीवर ती दिसत नाही. काउंटरवरून सुचवणारा माणूस मात्र कुठे जाहिरात करत असतो! एका दवाखान्यात डिस्चार्जच्या कागदावरच डब्याचं नाव लिहिलेलं मी पाहिलंय. असा कागद हातात असताना नवऱ्यानं बायकोच्या बाजूनं उभं राहायचं म्हणजे डॉक्टरपुढे उभं राहायचं. ते सोपं नाही, पण तेच लागतं.

आपल्याकडची एक रीत या सगळ्यात फार मोठी आहे आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. माहेरी आई असते, लेकीला पडून राहता येतं, बाळ केव्हाही छातीशी घेता येतं, कुणापुढे लाजायचं नसतं. सव्वा महिना हे छान चालतं. मग बाळ सासरी जातं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळाची काळजी घरी जाऊन घेता येते हे दाखवून दिलं, त्यातून देशभर आलेली ही पद्धत. पण मांडणी बघा, बेचाळिसाव्या दिवशी शेवटची भेट आणि नेमकी त्याच सुमाराला पोरगी गाव बदलते. सासरची आशाताई तिला ओळखत नाही. २०१८ पासून तिसऱ्या महिन्यात पुन्हा एक भेट ठरवली गेली, तरी दीड ते तीन महिन्यांमधली फट राहतेच. आमच्या भागात बाटली आणि गुटी घरात शिरताना मी जास्त करून याच फटीत पाहिली. सासरी सकाळी उठून भाकरी थापायच्या असतात, धारा असतात, पाहुणे असतात. बाळ रडलं की सून म्हणते, आलेच हात धुऊन. हात धुवायला वीस मिनिटं लागतात आणि तोवर कुणीतरी वाटीत दूध-पाणी केलेलं असतं.

तर माझ्या लेखी घराचा आधार म्हणजे वेळ. पहिल्या महिन्यांत बाळ दिवसरात्रीत आठ-दहा-बारा वेळा पितं. एकेका वेळेला अर्धा तास धरला तर दिवसाचे चार ते सहा तास झाले. हे तास कुणाच्या तरी कामातून निघतात. भाकरी दुसऱ्या कुणी थापल्या तर निघतात, नाहीतर बाळाच्या पोटातून निघतात. ‘आमचा सुनेला फुल सपोर्ट आहे’ असं सांगणाऱ्या घरात मी विचारते, सकाळची भांडी कोण घासतं?

नोकरीवालीला २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा आहे, पहिल्या दोन अपत्यांपर्यंत. ती बाळंतपणाच्या आधी सुरू झाली तर सहा महिने पुरत नाही. मग हातानं दूध काढून ठेवायचं. स्वच्छ उकळलेल्या भांड्यात ते बाहेर साधारण चार तास टिकतं, फ्रिजमध्ये दिवसभर. पाजायचं वाटी-चमच्यानं. आहेरात आलेलं चांदीचं बोंडलं कपाटात असतं ना, ते यासाठीच आहे. बाटलीच्या बुचाची बाळाला एकदा चटक लागली की छातीशी ओढायचे कष्ट त्याला नको वाटतात. आणि हे बोंडलं हातात धरून बसणार कोण? पुन्हा आजी, आजोबा, नणंद. शेतावर रोजानं जाणारीला तर रजाच नाही. एक आजोबा रोज दुपारी नातीला मोटारसायकलवर टॉवेलात बांधून खुरपणीच्या रानात न्यायचे. डोक्यावर कानटोपी, वर छत्री. गाव हसायचं. नातीचं वजन मात्र उत्तम होतं.

कुटुंब अर्धं तुटल्यावर काय होतं हे बघायचं असेल तर हंगामात उसाच्या फडात जावं. बीडकडून आमच्या भागात टोळ्या येतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, एका दिवसाचा खाडा झाला तर त्याची वेगळी कपात. म्हातारी माणसं शाळेतली पोरं सांभाळायला गावीच राहिलेली. दोन महिन्यांचं बाळ कोपीत, नाहीतर ट्रॉलीच्या सावलीत झोळीत, आणि राखायला आठ वर्षांची बहीण. बाळ रडलं की ती तिला जमेल ते देते, गुळाचं पाणी, चहात विरघळलेलं बिस्किट. त्या पोरीला काय समुपदेशन करायचं? एका टोळीत मात्र कोयता न धरणारी एक वयस्क बाई होती. सगळ्यांची पोरं ती सांभाळायची आणि बाळं आळीपाळीनं फडात आयांकडे नेऊन आणायची. तिला मजुरी कुणी देत नव्हतं, टोळीतली घरं भाकरी-कालवण देत. त्या टोळीतली बाळं जुलाबानं कमी आजारी पडायची, असं मला वहीत दिसे.

ढाक्यात एक काम झालंय, तेही इथे आठवतं. वस्तीतल्याच आयांना थोडं शिकवून त्यांनी गरोदरपणापासून पाच महिन्यांपर्यंत पंधरा वेळा घरी जायचं असं ठरवलं. पाचव्या महिन्यात त्या घरांतली १०० पैकी ७० बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती. जिथे कुणी गेलं नाही तिथे ६.

याची एक दुसरी बाजूही आहे. हल्ली शिकलेल्या घरांत आधाराच्या नावाखाली पहारा बसतो. घरातला प्रत्येक जण मोबाइलवर वाचून आलेला. स्तनाग्राला चिरा पडल्यात, छातीत गाठी होऊन ताप आलाय, आई रडतेय, आणि नवरा सांगतोय, आईचंच दूध बेस्ट असतं. अशा वेळी बाळाला नीट धरायला शिकवणारं माणूस लागतं. फक्त बोंडी नाही, भोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. एवढं जमलं तर निम्म्या तक्रारी थांबतात. बाळ सुस्त पडलंय, शू कमी झाली, कावीळ वाढतेय, दोन आठवड्यांतही जन्माचं वजन परत आलं नाही, तर डॉक्टर गाठायचाच. तिथे वरचं दूध लिहून दिलं तर ते औषध म्हणून द्यायचं आणि त्यावरून आईला आयुष्यभर बोलायचं नाही.

आमच्या वस्तीवरच्या एका आजीशी माझी चांगलीच जुंपली होती. तिच्या लेकाच्या वेळी, नव्वदच्या दशकात, मीच तिच्या घरी जात असे. आता सुनेचं बाळ चार महिन्यांचं झालं होतं आणि एप्रिल तापला होता. आजी म्हणाली, ‘‘तवा तुमीच चार म्हैनं म्हनला व्हता की. आता सा कुठनं काढलं?’’ तिचं बरोबर होतं. तेव्हा आम्ही चार ते सहा महिने असंच सांगायचो. सहा महिने पूर्ण हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये पक्कं केलं. ते मी सांगितलं, तशी ती म्हणाली, ‘‘म्हंजी माझ्या पोराला दोन म्हैनं कमीच पाजलं म्हना!’’ मग पाण्याचा विषय निघाला. पोराचं नरडं सुकत असणार. मी म्हटलं, आईच्या दुधात १०० पैकी ८७-८८ भाग पाणीच आहे आणि पाजायला घेतलं की आधी पातळच येतं, तहान त्यानंच भागते. तिनं मान हलवली नाही. लंगोट मोजा म्हटल्यावर मात्र उठली आणि न्हाणीच्या भिंतीवर खडूनं रेघा ओढायला लागली.

पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा रोजच्या आठ-नऊ रेघा होत्या. पुण्याहून तिची जाऊ आली होती. पंख्याखाली बसून ती म्हणत होती, एवढ्या उन्हाचं लेकराला घोटभर पाणी तरी द्या. माझ्याकडे न बघता आजीनं फुलपात्र भरलं, जावेच्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘‘हे तुमी प्या. त्याचं आत चाललंय.’’